दळण कोणी दळायचे?

लिनक्सच्या जगात वीस-एक वर्षांपूर्वी एक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. बाहेरच्याला तो किरकोळ वाटेल. संगणकाच्या पडद्याचे रूप पालटणाऱ्या, त्यावर घड्याळ, हवामान, दिनदर्शिका अशा लहानसहान सोयी बसवणाऱ्या पुरवण्या असतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. एक बटण दाबले की त्या इंटरनेटवरून आपोआप उतरवून घेण्याची सोय तेव्हा नुकतीच आली होती. प्रश्न असा : एखाद्या लेखकाने आपली पुरवणी सोर्स कोडच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ आज्ञावलीच्या रूपात ठेवली असेल, तर बटणामागच्या यंत्रणेने ती वापरणाऱ्याच्या संगणकावर परस्पर कम्पाइल करून द्यावी की नाही?

मी तंत्रज्ञ नाही, तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. मला या प्रश्नाचे आकर्षण वाटते ते त्यामागे दडलेल्या जुन्या प्रश्नामुळे. दुसऱ्याने केलेली वस्तू आपण घरात घेतो, तेव्हा तिच्याबद्दल जबाब कोण देणार? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. बटणाने कम्पाइल करू नये. मात्र सामान्य माणसाला ते झेपणार नाही, हे नेहमी दिले जाणारे कारण मला अपुरे वाटते. खरे कारण शोधायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागते.

कम्पाइल करणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येते : दळणे. सोर्स कोड हे धान्य. ते वाचता येते, निवडता येते, त्यातला खडा दिसू शकतो. पण तसेच्या तसे यंत्राच्या पोटात जात नाही. कम्पायलर नावाची आज्ञावली ते दळून यंत्राला कळेल असे पीठ करते. त्या पिठाला बायनरी म्हणतात. पीठ पाहून त्यात काय काय दळले गेले हे ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते. आपल्या घरांत आधी जाते होते, मग कोपऱ्यावरची गिरणी आली, मग पिशवीबंद पीठ. संगणकाच्या इतिहासातही या तिन्ही व्यवस्था झाल्या, फक्त त्यांचा क्रम थोडा वेगळा लागला.

जाते

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीमुळे तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे सत्तरच्या दशकात विद्यापीठांना युनिक्स मिळे ते नाममात्र शुल्कात, टेपवर, सोर्स कोडसकट. दुरुस्तीची हमी नाही, मदतीला कोणी येणार नाही. धान्याचे पोते दारात टाकून गाडी निघून जावी तसा हा व्यवहार होता.

या नाइलाजातून एक संस्कृती तयार झाली. १९७३ साली युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला होता, त्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांवर तो दळून घेणे शक्य होत गेले. विद्यापीठांतली मंडळी सोर्स वाचत, चुका दुरुस्त करत, दुरुस्त्या एकमेकांना पाठवत. १९७६ साली बेल लॅब्जमधल्याच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. कोणती फाइल आधी दळायची, कोणती नंतर, काय बदलले म्हणून काय पुन्हा दळायचे, याची कृती एका फाइलीत लिहून ठेवायची आणि ‘मेक’ला सांगायचे. पुढे युनिक्सचे इतके भाऊबंद झाले की प्रत्येकाचे जाते निराळे. मग १९९१ साली ‘ऑटोकॉन्फ’ आले. दळण्यापूर्वी ते समोरच्या यंत्राची चाचपणी करणारी एक लिपी तयार करून देई. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा त्या पिढीला तोंडपाठ होत्या.

जात्याच्या या काळाबद्दल तंत्रज्ञांत आजही हळवेपणा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण एक गोष्ट विसरली जाते. त्या काळी दळणारा माणूस आणि वाचणारा माणूस बहुधा एकच होता. घरच्या दळणाची किंमत त्यातल्या निवडण्या-पाखडण्यात होती. नुसते जाते फिरवल्याने पीठ शुद्ध होत नाही.

पिशवी

ऐंशीच्या दशकात वारे फिरले. आज्ञावल्या विकण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला आणि सोर्स कोड हे गुपित झाले. १९८३ साली आयबीएमने आपल्या आज्ञावल्या यापुढे केवळ दळलेल्या रूपात देण्याचे धोरण जाहीर केले. आधी अनेक ग्राहकांना सोर्स मिळत असे आणि ते त्यात आपल्या गरजेनुसार बदल करत. आता हाती पिशवी आली.

त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९८३ रोजी, एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रयोगशाळेला मिळालेल्या प्रिंटरच्या आज्ञावलीचा सोर्स मिळेना, त्यामुळे कागद अडकल्याची सूचना देण्याची साधी सुधारणाही त्यांना करता येईना. हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्यांच्या चळवळीने कायद्याचेच हत्यार उलटे वापरले. ग्नू परवान्याची अट अशी, की पीठ देणाऱ्याने मागणाऱ्याला धान्यही दिले पाहिजे. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सोर्स’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात कम्पाइल करण्यासाठी आणि बसवण्यासाठी वापरलेल्या लिप्याही येतात. दळण्याची कृती हा धान्याचाच भाग आहे, हे या परवान्याने तेव्हाच ओळखले होते. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

गिरणी

१९९१ साली लिनक्सचा गाभा आला आणि दोन वर्षांत डेबियनसारखी वितरणे उभी राहिली. इयन मरडॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. वितरणाचे काम गिरणीवाल्याचे. हजारो लेखकांचे सोर्स गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळतात का पाहायचे, दळायचे आणि तयार पाकिटे लोकांना द्यायची. सुरुवातीला देखभाल करणारा स्वयंसेवक आपल्याच संगणकावर दळून पाकीट चढवत असे. पुढे ते काम बहुतांशी सामायिक सर्व्हरकडे गेले. पाकिटावर सही असे, आणि सहीमागे नावगाव असलेला माणूस.

सगळ्यांना हे पटले असे नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीत जॉर्डन हबर्ड यांनी ‘पोर्ट्स’ची पद्धत रूढ केली. तिथे वापरणाऱ्याला दळण्याची कृती मिळे. सोर्स आणून दळायचे त्याच्याच यंत्रावर. त्यातून स्फूर्ती घेऊन डॅनियल रॉबिन्स यांनी जेंटू लिनक्स उभे केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ ची. जेंटूच्या भक्ताला प्रत्येक आज्ञावलीतले कोणते घटक घ्यायचे, कोणते गाळायचे हे ठरवता येई. चकलीच्या भाजणीत डाळ किती, तांदूळ किती, हे जसे प्रत्येक घर आपले आपण ठरवते, तसे. त्यासाठी संगणक रात्रभर घरघरत ठेवायची त्यांची तयारी असे. पण याच जेंटूने २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जाहीर केले, की ज्यांना हवी त्यांच्यासाठी यापुढे तयार दळलेली पाकिटेही मोठ्या प्रमाणावर ठेवू. जात्याचा सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्ताही शेजारी गिरणी लावून बसला. जाते मात्र त्याने मोडले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

बटण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातला माथियास एट्रिख हा विद्यार्थी केडीई या प्रकल्पाची हाक देतो. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींना सामान्य माणसाला वापरता येईल असा देखणा, एकसंध डेस्कटॉप द्यायचा, ही कल्पना. २००१ साली फ्रँक कार्लिचेक यांनी केडीईसाठीच्या चित्रांचे, थीमांचे, पुरवण्यांचे एक सामायिक भांडार इंटरनेटवर सुरू केले. पाठोपाठ ‘गेट हॉट न्यू स्टफ’ या गमतीदार नावाची यंत्रणा आली. भांडारात जायचीही गरज उरली नाही. प्रत्येक खिडकीतच ‘नवे मिळवा’ असे बटण बसले.

त्या बटणातून तीन प्रकारचा माल येऊ शके. पहिला निव्वळ पाहण्याचा : भिंतीवरची चित्रे, चिन्हे, रंगसंगती. दुसरा लिपीच्या रूपातला : पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या पुरवण्या, ज्या न दळता चालतात. तिसरा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला : खिडक्यांच्या चौकटी, बटणांच्या शैली, वेगवान पुरवण्या. हा तिसरा माल दळल्याशिवाय उपयोगाचा नाही. २००८ च्या जानेवारीत केडीईची चौथी पिढी प्लाझ्मा या नव्या डेस्कटॉपसह आली. बटणातून पहिले दोन प्रकार सहज उतरत. तिसऱ्यासाठी वापरणाऱ्याने आपल्या वितरणाच्या पाकिटाची वाट पाहायची, नाहीतर त्या तीन आज्ञा स्वतः टंकित करायच्या.

यंत्रणेनेच दळून द्यावे असे म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नव्हती. लिनक्सची वितरणे अनेक, प्रत्येकाच्या आवृत्त्या अनेक. सी प्लस प्लसचे पीठ एका घरचे दुसऱ्या घरी चालेलच असे नाही, कारण आधारभूत लायब्रऱ्यांची आवृत्ती बदलली की ते बिघडते. एकटा, फावल्या वेळात काम करणारा लेखक प्रत्येक घरासाठी वेगळी पिशवी कुठून भरणार? त्यापेक्षा धान्य एकदाच ठेवावे आणि ज्याच्या त्याच्या यंत्राने आपापल्या मापाने दळून घ्यावे, हे न्याय्य दिसते. अशी व्यवस्था अन्यत्र यशस्वीही झालेली आहे. डेलच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास तयार केलेली डीकेएमएस ही पद्धत लिनक्सचा गाभा बदलला की हार्डवेअरचे ड्रायव्हर वापरणाऱ्याच्या यंत्रावर आपोआप पुन्हा कम्पाइल करते. अँड्रॉइड फोन नवी आवृत्ती घेतल्यावर सुरू होताना, इतक्यापैकी इतकी ॲप तयार होत आहेत, अशी पाटी दाखवत असे, ती अनेक वाचकांना आठवेल. तेही एक प्रकारचे घरगुती दळणच होते. फक्त धान्य अर्धे भरडून आलेले असे.

विरुद्ध बाजूचे नेहमीचे आक्षेप व्यवहाराचे आहेत. कम्पायलर आणि त्याला लागणारा सगळा सरंजाम प्रत्येक घरी ठेवावा लागेल, घड्याळाच्या एका पुरवणीसाठी. दळण मध्येच अडले तर जी चूक पडद्यावर उमटेल ती लेखकालाच कळेल, वापरणाऱ्याला नाही. हे खरे आहे, पण या अडचणी पैशाने, वेगाने, चांगल्या साधनांनी कमी होतात. यंत्रे दसपट वेगवान झाली म्हणून उत्तर बदलणार असेल, तर ते उत्तर मुळात कच्चे होते असे म्हणावे लागेल. न बदलणारी अडचण वेगळी आहे.

खडे

१९८४ साली केन थॉम्पसन यांचे ट्यूरिंग पुरस्काराचे भाषण प्रसिद्ध झाले. विषय विश्वासाचा होता. त्यांनी दाखवून दिले, की कम्पायलरमध्येच अशी मेख मारून ठेवता येते, जी सोर्समध्ये कुठेही दिसत नाही आणि तरी दळलेल्या पिठात चोरदरवाजा सोडते. एवढेच नाही, तर तो कम्पायलर स्वतःला पुन्हा दळताना ती मेख पुढच्या पिढीतही उतरवतो. उपवासाची भाजणी दळायला नेणारी गृहिणी गिरणीत आधी काय दळले हे का विचारते, ते इथे कळते. धान्य तुमचे असले तरी जाते कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या काळातले खडे इतके सूक्ष्म नव्हते. २००९ च्या डिसेंबरमध्ये ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या भांडारात धबधब्याच्या नावाचा एक स्क्रीनसेव्हर सापडला. तो तयार पाकिटाच्या रूपात होता. धबधबा नावापुरता, आतली लिपी संगणकाला दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात जुंपणारी होती. ही पिशवीतली भेसळ. म्हणून सोर्स बरा, असे कोणी म्हणेल. पण २०१८ च्या जुलैमध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहात तेच घडले. तिथे ठेवतात ती फक्त दळण्याची कृती, उघडी, कोणालाही वाचता येईल अशी. एक बेवारस झालेली कृती कोणा अनोळखी माणसाने आपल्या नावावर घेतली आणि तिच्यात बाहेरून घातक लिपी आणणारी ओळ घातली. ओळ सर्वांसमोर होती. लवकर सापडली, काढली गेली. तरी मुद्दा राहतोच. वाचता येणे आणि वाचले जाणे यांत अंतर आहे. आणि बटण दाबून दळण मिळू लागले की हे अंतर अजून वाढते, कारण बटणाचे कामच मुळी न वाचता पुढे जाऊ देणे हे आहे.

माझ्या दृष्टीने हा वाद २०२४ च्या मार्च महिन्याने निर्णायक वळणावर आणला. त्या महिन्यात दोन घटना घडल्या. पहिली केडीईच्या भांडारातलीच. एका वापरकर्त्याने डेस्कटॉपचे रूप बदलणारी एक थीम बटणातून घेतली आणि तिच्यातल्या लिपीने त्याच्या फाइली पुसून टाकल्या. यात दुष्टावा नव्हता. हयगयीने लिहिलेली पुसण्याची आज्ञा होती. पण वापरणाऱ्याला वाटले होते, आपण रंग आणि चिन्हे घेत आहोत. रंगासोबत वाटेल ते करू शकणारी आज्ञावलीही घरात येते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरी घटना जगभर गाजली. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. दूरच्या संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. माग काढत ते एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या छोट्या आज्ञावलीपाशी पोहोचले. कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ सद्भावनेने काम करून, तिच्या थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादून, तिच्यात चोरदरवाजा पेरला होता. तो पेरण्याची जागा पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक कोठारातल्या वाचनीय सोर्समध्ये तो उघड दिसत नव्हता. घातक तुकडे चाचणीच्या फाइलींत दडवले होते आणि ते बाहेर काढून मिसळणारी ओळ होती दळण्याच्या कृतीत, तीही फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात. धान्य चाळणाऱ्याला खडा दिसला नसता; तो दळताना पडणार होता.

इथे माझ्या बाजूला गैरसोयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती लिपी आपण डेबियन किंवा रेड हॅटच्या पद्धतीचे पाकीट तयार होत असताना चालतो आहोत का, हे तपासून मगच कामाला लागे. म्हणजे विषाने मुद्दाम गिरणीच गाठली होती. घरी दळणारा या वेळी बचावला असता. मग गिरणीपेक्षा जाते बरे, असे नाही का होत?

मला तसे वाटत नाही. घरी दळणारा बचावला तो हल्लेखोराने त्याला मोजले नाही म्हणून. त्याने काही तपासले म्हणून नव्हे. उलट गिरणीत काय झाले ते पाहा. बिघडलेले पीठ बहुतांशी चाचणीच्या फळीवर होते, सर्वांच्या घरी पोहोचायचे होते. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी बोभाटा केला आणि वितरणांनी ताबडतोब ते मागे घेतले, कारण पाकिटावर नाव होते, आवृत्ती होती, कोणाला ओरडून सांगायचे ते ठाऊक होते. हेच दळण लाखो घरांत परस्पर झाले असते, तर परत बोलावणार काय आणि कोणाकडून? प्रत्येक यंत्रावरचे पीठ थोडेथोडे निराळे. चांगल्याशी ताडून पाहायला नमुनाही नाही.

माझ्या नकाराचे कारण हे आहे. बटणाने परस्पर कम्पाइल केले तर वापरणाऱ्याला जात्याची स्वायत्तता मिळत नाही, कारण तो वाचत नाही. त्याला गिरणीची सहीही मिळत नाही, कारण मध्ये कोणी उभेच नाही. लेखक म्हणणार, मी फक्त धान्य दिले. भांडार म्हणणार, आम्ही फक्त जागा दिली. बटण म्हणणार, मी फक्त दळले. जबाब देणारा माणूस या साखळीतून नाहीसा होतो.

सामायिक गिरणी

मग एकट्या लेखकाने काय करायचे? याचे एक उत्तर केडीईच्या मंडळींनीच २०१० च्या आसपास शोधले होते. ओपनसूसे या वितरणाची एक बिल्ड सर्व्हिस होती. सोर्स तिथे दिला की ती अनेक वितरणांसाठी वेगवेगळी पाकिटे दळून देई. ही गिरणी आणि ते भांडार जोडायचे, लेखकाने एका ठिकाणी धान्य द्यावे आणि वापरणाऱ्याला बटणातून आपल्या मापाचे, सही केलेले पीठ मिळावे, अशी योजना कार्लिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रेट्झन’ या नावाने मांडली. नोकियाचे त्याला साहाय्य होते. ती सर्वत्र रुजली नाही, पण तिची दिशा मला बरोबर वाटते. त्याच सुमारास सुरू झालेल्या एफ-ड्रॉइडने अँड्रॉइडच्या मुक्त ॲपसाठी हीच वाट धरली : लेखकाची पिशवी जशीच्या तशी फळीवर न ठेवता सोर्स घेऊन आपल्या सर्व्हरवर दळायचे.

तरीही गिरणीवाल्यावर आंधळा भरवसा का ठेवावा? त्यावर डेबियनमध्ये २०१३ पासून जे काम चालू आहे ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत आशादायक वाटते. त्याला ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ म्हणतात. तेच धान्य, तीच कृती दिली तर कुठल्याही गिरणीत कणाकणाने तेच पीठ पडले पाहिजे, हा त्याचा आग्रह. ऐकायला सोपे, करायला चिवट. कारण दळल्याची वेळ, फाइलींचा क्रम, संगणकावरचे फोल्डरचे नाव असल्या क्षुल्लक गोष्टी पिठात उतरतात. त्या एकेक करून काढल्या, की दोन अनोळखी गिरण्यांचे पीठ ताडून पाहता येते. एक्सझेडसारखा खडा यानेही एकट्याने सापडला नसता, कारण तो गाठोड्यातच होता; त्यासाठी गाठोडे सार्वजनिक कोठाराशी ताडून पाहावे लागते. पण घरोघरी परस्पर दळल्याने यातले काहीच साधत नाही.

आणि ज्या पुरवण्या दळाव्याच लागत नाहीत, त्या लिप्यांचे काय? थीमच्या प्रसंगाने शिकवले, की त्यांच्यासाठी कुंपण हवे. रंग बदलणाऱ्याला घरातल्या कपाटाची किल्ली द्यायचे कारण नाही. बटणाने माल उतरवताना, हे चित्र आहे की चालणारी आज्ञावली, हे सरळ भाषेत सांगावे, आणि आज्ञावली असेल तर तिला किती मुभा आहे तेही.

या व्यवस्थेची किंमत मी लपवत नाही. गिरणी असली की रांग येते, गिरणीवाल्याची मर्जी येते. एखाद्या नवख्या लेखकाची चांगली पुरवणी महिनोन्‌महिने खोळंबते. म्हणून धान्य मागण्याचा आणि घरी दळण्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. ज्याला वाचायचे आहे त्याने जरूर वाचावे आणि दळावे. जेंटूने जाते ठेवले ते याचसाठी. दुसरी किंमत जास्त मोठी आहे. या गिरण्या बहुतेक स्वयंसेवक चालवतात. एक्सझेडचा दरवाजा उघडला गेला तो एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणातून. तयार पीठ फुकट घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना तो एकटा आहे हे ठाऊकही नव्हते. दळण कोणी दळायचे या प्रश्नाला माझे उत्तर गिरणीने असे आहे. पण मग तिच्या जात्याला टाके कोण घालतो, पट्टा कोण बदलतो आणि त्याची मजुरी कोण देतो, याचा हिशेबही त्याच उत्तरात धरावा लागेल.